साच्याला ग्रीस लावलंय का? ‘यादे’वर चिकणमाती सुकवून पाहिली

माझं काम माती सुकवण्याचं. ऐकून लोक हसतात, पण माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं झाली, दिवसातला निम्मा वेळ त्यातच जातो. सॅम्पल भिजवायचं, कालवायचं, साच्यात भरायचं, सुकवायचं, मोजायचं. लिनिअर श्रिंकेजचा (सुकताना माती लांबीत किती आकसते ते मोजण्याचा) साचा अर्धगोल असतो, १४० मिमी लांब आणि २५ मिमी व्यासाचा. लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती वाहायला लागते त्याच्या) आसपास भिजवलेली चिकणमाती त्यात भरली आणि सुकू दिली की कांडी आखूड होते. किती आखूड झाली ते मोजायचं, झालं. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट बजावते: माती भरण्याआधी साच्याला आतून ग्रीसचा हात फिरवा. विसरलात तर कांडीऐवजी तुकडे हातात येतील.

सुकत्या मातीच्या भेगांचं मॉडेल ज्यात करता येतं त्या ‘यादे’सारख्या सॉफ्टवेअरकडे मी याच नजरेनं बघते, हे आधीच सांगितलेलं बरं. मला कोड वाचून कळतो, स्वतःहून लिहायला बसलं तर घाम फुटतो. आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक इंजिनिअर आहे. तो पायथॉन हसतखेळत लिहितो, पण चिखलात कोपरापर्यंत हात घालायची त्याच्यावर वेळ आलेली नव्हती. दोघांचा मिळून एक पुरा माणूस होतो. खाली जे लिहिलंय ते त्या एका माणसाचं मत समजा.

यादेच्या आधी एक विकतचं सॉफ्टवेअर चाचणीच्या मुदतीत वापरून बघितलं होतं. नाव घेत नाही. दिसायला देखणं, ओलाव्याचे रंगीत नकाशे तर असे की बघत राहावं. फक्त भेग कुठे पडणार ती रेषा आधी आपणच आखून द्यायची. मग त्या रेषेवर भेग पडायची आणि पडद्यावर हिरवी खूण यायची. अहो, कुठे पडणार तेच तर विचारायला आले होते! मुदत संपली त्या दिवसापासून आमची स्वतःची फाईलसुद्धा उघडेना. तिथेच तो विषय संपवला.

यादे फुकट आहे आणि मुक्त परवान्याचं आहे. नावाचा आपल्याकडच्या यादीशी किंवा आठवणींशी काही संबंध नाही. ‘येट अनदर डायनॅमिक इंजिन’ची ती आद्याक्षरं. लिनक्सवर चालतं. डेबियन-उबुंटूच्या भांडारात तयार मिळतं, त्यामुळे एका ओळीत बसवून झालं. आत सगळं सी प्लस प्लस, वरून आपण बोलायचं ते पायथॉनमध्ये. काळी खिडकी उघडते, शेजारी गोळ्यांचं त्रिमितीय चित्र दिसतं. बटणं मोजकी. ज्याला मेनू उघडून पर्याय निवडायची सवय आहे त्याला पहिला आठवडा जड जाईल.

पद्धत डिस्क्रीट एलिमेंटची. पीटर कंडॉल आणि ऑटो स्ट्रॅक यांनी १९७९ साली मांडली ती. माती म्हणजे सलग पदार्थ असं न धरता सुट्या गोळ्यांचा ढीग धरायचा. कुठल्या दोन गोळ्या टेकल्यात ते बघायचं, टेकल्या तिथलं बल काढायचं, न्यूटनच्या नियमानं प्रत्येक गोळी किंचित हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गोळ्यांमध्ये चिकटपणा दिला की प्रत्येक जोडीत एक बंध तयार होतो. ताण सोसवेनासा झाला की बंध तुटतो, आणि तुटलेल्या बंधांची रांग लागली की ती भेग. रेषा आधी आखायची गरज नाही. माझ्या दृष्टीनं सगळी किंमत इथेच वसूल झाली (म्हणजे फुकटाची जी काय असेल ती).

इंजिनिअरनं पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, एक गोळी म्हणजे मातीचा एक कण ना?” नाही रे बाबा. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि तो गोल नसतो, पत्र्याच्या तुकड्यासारखा चपटा असतो. चिकणमातीतल्या खनिजांपैकी माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ आठशे चौरस मीटरपर्यंत जातं, केओलिनाइटचं दहा-वीसच्या घरात राहतं. आमचा आभासी ट्रे २०० बाय २०० मिमी, थर ८ मिमी. त्यात एक मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्या भरल्या तर साधारण ४५ हजार होतात, आणि आमचा संगणक तेवढ्यालाच धापा टाकतो. म्हणजे यादेतली एक गोळी हा चिखलाचा एक गोळा आहे, त्याच्या पोटात असंख्य पत्रे. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर पुढे सगळीकडे फसायला होतं.

आता माती आकसते का, ते थोडं सांगावं लागेल, कारण मॉडेलमध्ये काय घालायचं हे त्यावरच ठरतं. ओल्या चिखलावरून पाणी उडायला लागलं की वरच्या कणांमधल्या फटींत पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो. जितकी फट बारीक तितकी पाण्याची ओढ जास्त. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर धरला तर एक मायक्रॉन त्रिज्येच्या फटीत ही ओढ १४४ किलोपास्कल भरते, जवळजवळ दीड वातावरण. ओली चिकणमाती ताण सोसते तो बरेचदा काही किलोपास्कल, फार तर दहाच्या काही पटींत. मग सगळी माती पहिल्या तासातच का फाटत नाही? कारण ही ओढ कणांना एकमेकांकडे खेचते, चारी बाजूंनी सारखी दाबते. माती मोकळी असेल तर नुसती लहान होते. मोकळी नसेल, बुडाला चिकटलेली असेल, तर लहान व्हायला निघालेल्या थराला कोणीतरी धरून ठेवलंय. ताण तिथून येतो. साच्याचं ग्रीस त्यासाठीच असतं, आणि खरं सांगायचं तर सतरा वर्षं ते लावताना मी या अंगानं त्याचा कधी विचार केला नव्हता.

आमच्या मांडणीत मोकळं पाणी नव्हतं. माती आकसवायची तर गोळ्याच लहान करायच्या. त्यासाठी तयार फंक्शन आहे, त्याचं नाव ग्रो-पार्टिकल्स, म्हणजे कण वाढवा. त्याला ०.९९९५ हा गुणक दिला की गोळ्या वाढतात उणे दिशेनं. आम्हाला याचं बरेच दिवस हसू येत होतं. अशा २१० पायऱ्या केल्या की त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी होते.

पायऱ्या का, सरळ वेळ का धरत नाही? हिशोब करून बघा. गोळ्यांचा कडकपणा १० मेगापास्कल आणि घनता २६०० किलो प्रति घनमीटर घेतली तर त्यातून ध्वनीलहर सेकंदाला ६२ मीटर जाते. एक मिलिमीटर ओलांडायला तिला साधारण १६ मायक्रोसेकंद लागतात, आणि गणिताचं एक पाऊल त्यापेक्षा मोठं टाकता येत नाही. आमचा खरा ट्रे सुकायला तीन दिवस घेतो. तीन दिवस भागिले १६ मायक्रोसेकंद म्हणजे सोळाशे कोटी पावलं. आमचा संगणक सेकंदाला शंभरेक पावलं टाकतो. एक ट्रे सुकायला पाच वर्षं! म्हणून वेळ सोडून द्यायची. गोळ्या किंचित लहान करायच्या, असंतुलित बल एका मर्यादेखाली येईपर्यंत थांबायचं, तुटायचं ते तुटू द्यायचं, मग पुढची पायरी. असंतुलित बल सांगणारं फंक्शनही तयार आहे, आम्ही ०.०१ ची मर्यादा ठेवली. एक ट्रे रात्रभरात होतो.

पावलाच्या मर्यादेला कंटाळून इंजिनिअरनं एकदा पाऊल चौपट मोठं केलं. मी सकाळी आले तर पडदा कोरा. गोळ्या गेल्या कुठे म्हणून चित्र लहान करत गेलो, करत गेलो, तर आमचा आठ मिलिमीटरचा थर चौफेर उधळून किलोमीटरच्या हिशोबात लांब गेला होता. चूक आमची. यादे सुरक्षित पाऊल किती ते सांगतं, ऐकायचं की नाही हे आपल्यावर.

दुसरी चूक जास्त फसवी होती, कारण तिचं चित्र सुंदर आलं. गोळ्या आम्ही षट्कोनी जाळीत नीट रचल्या होत्या, मोजायला सोप्या म्हणून. भेगा पडल्या त्या सरळसोट, ६० अंशांच्या कोनात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. इंजिनिअर खूश. मी म्हटलं, अरे, ही मातीची भेग नाही, तुझ्या रचनेची शिवण उसवलीय. गोळ्या वेड्यावाकड्या भरल्यावर पोळं नाहीसं झालं. कुणी छापून आणलेलं षट्कोनी भेगांचं मॉडेल दिसलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, गोळ्या कशा रचल्या होत्या.

तिसरी तर गमतीचीच. बंध एकदाच, सुरुवातीला बसवायचे असतात. त्यासाठी एक खूण आहे, आणि तिच्या शेजारीच दुसरी खूण: नव्यानं टेकणाऱ्या गोळ्यांनाही बंध द्या. ती चुकून चालू राहिली. मग काय, भेग पडायची, तिच्या दोन काठांवरच्या गोळ्या कुठे एकमेकींना घासल्या की लगेच टाका पडायचा. दोन दिवस आम्ही मातीची ताकद कमी करत बसलो होतो, आणि माती स्वतःला शिवत बसली होती.

हे सगळं निस्तरल्यावर जे पाहिलं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

बुडाशी स्थिर गोळ्यांचा एक थर आणि त्याला मातीच्या सर्वांत खालच्या गोळ्या बंधांनी जोडलेल्या, अशी मांडणी होती. मी सांगितलं, बाकी कशालाही हात लावू नकोस, फक्त बुडाचे बंध काढून टाक. कडांचेही. त्यानं काढले, २१० पायऱ्या दिल्या. सकाळी पडद्यावर काय, तर ट्रेच्या मध्यात एक अखंड चौकोनी वडी, चारही बाजूंनी सारखी फट, आणि आत एकही भेग नाही. दहा टक्के आकसलेली, तरी साबूत. ही माझी ग्रीस लावलेली कांडी होती! मग बुडाचे बंध मातीच्या बंधांइतके मजबूत केले. तोच चिखल, तेवढंच आकसणं, आणि सगळा ट्रे तुकडे तुकडे. बंध निम्मे केल्यावर तुकडे कमी आणि मोठे, काठचे तर बुडापासून सुटून मध्याकडे सरकलेले.

त्याच आठवड्यात मी खरे ट्रे लावले. बेंटोनाइट आणि केओलिन या दोन चिकणमाती मिसळून एकच लगदा कालवला, तीन काचेच्या ट्रेमध्ये आठ-आठ मिलिमीटर ओतला. एकाला आतून सगळीकडे सिलिकॉन ग्रीस, दुसरा कोरी काच, तिसऱ्याच्या बुडाला पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर चिकटवलेला, खरखरीत बाजू वर. (साधा पॉलिश पेपर लावू नका. तो पाण्यानं फुगतो आणि खालून फुगा आला की थर भलत्याच ठिकाणी फाटतो. एक ट्रे असाच वाया घालवला.) तिसऱ्या दिवशी इंजिनिअरला बोलावून नुसतं समोर उभं केलं. ग्रीसच्या ट्रेत एक मोठी वडी, तिच्या एका कोपऱ्यातून निघालेली एकच भेग, तिथे बहुधा माझा ग्रीसचा हात चुकला असावा. काचेवर तळहाताएवढे तुकडे. पॉलिश पेपरवर दोन बोटांच्या रुंदीचे, आणि उचलायला गेलं तर सुटेनात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मॅडम, म्हणजे आपण मातीचे आकडे बदलत बसलो आणि आकडा बुडाचा होता.” हो. प्रयोगात हे जुनं आहे. ग्रॉइसमन आणि कॅप्लान यांनी १९९४ मध्ये कॉफी आणि पाणी यांच्या लगद्यावर थराची जाडी आणि बुडाचं घर्षण यांवर तुकड्यांचा आकार कसा ठरतो ते दाखवलं होतं. पण वाचणं वेगळं आणि एका आकड्यानं ट्रे फाटताना बघणं वेगळं.

सॉफ्टवेअरला मी एवढ्यासाठी मानते की ते बुडाचा आकडा मागतं. आमच्या चाचणीच्या फॉर्मवर मातीचे रकाने डझनभर आहेत, बुडाचा एकही नाही.

भेगा एकमेकींना भेटतात त्या जागाही यादेनं बऱ्यापैकी बरोबर दिल्या. आधी एक लांब भेग पडते. तिनं स्वतःच्या आडवा असलेला ताण मोकळा केलेला असतो, भेगेला समांतर ताण तेवढा शिल्लक राहतो. म्हणून मागून येणारी भेग जवळ आली की वळते आणि पहिलीला काटकोनात येऊन थांबते. ट्रेमध्ये अशा इंग्रजी टी-सारख्या जागा शोधल्या की कुठली भेग आधीची ते वाचता येतं: सरळ गेली ती थोरली, येऊन थांबली ती धाकटी. पडद्यावर हे वळण पायरी-पायरीनं बघता येतं, हे खऱ्या ट्रेत मला कधी जमलं नव्हतं, कारण नेमकी त्या वेळी मी दुसऱ्या टेबलावर असते.

वेळ सोडून दिली म्हटल्यावर पहिली भेग कधी पडणार हे मॉडेल कसं सांगणार, असं वाटेल. इथे मात्र तपासणीवाल्या बाईचा उपयोग झाला. चिकणमाती बराच काळ अशी सुकते की जेवढं पाणी उडालं तेवढंच आकारमान कमी होतं, फटींत हवा शिरतच नाही. हे आकुंचन मर्यादेच्या जवळपासपर्यंत चालतं. त्यानंतर पाणी उडत राहतं, पण माती जवळजवळ लहान होत नाही. म्हणजे मॉडेलला घड्याळ नसलं तरी तराजू देता येतो. आकसणं किती झालं यावरून पाणी किती गेलं, आणि खरा ट्रे दर तासाला तराजूवर ठेवला की तेवढं पाणी कधी गेलं ते कळतं. आकुंचन मर्यादा आली की पायऱ्या थांबवायच्या, नाहीतर मॉडेल माती उगाच आकसवत राहतं आणि भेगा अवाजवी रुंद होतात. आमच्याकडे श्रिंकेजचे आकडे कपाटभर पडलेत. कुणाकडे नसतील तर त्यानं यादे उघडण्याआधी ते काढून घ्यावेत.

तराजू जोडल्यावर मोठा दोष उघडा पडला. मॉडेल पहिली भेग फार लवकर पाडतं. खऱ्या ट्रेत आधी बराच वेळ थराची पातळी खाली जाताना दिसते. काचेवर मी मार्करनं रेघ मारून ठेवते, तिच्यापासून चिखल खाली सरकतो, पण वर चरा नाही. बाजूंना आकसता येत नाही म्हणून तो उभा आकसतो. आडवा ताण वाढत असतो, आणि ओला चिखल सैलावून त्यातला काही ताण जिरवतही असतो. म्हणून सावकाश सुकवलेला ट्रे उशिरा फाटतो. आम्ही वापरलेल्या बंधाच्या नियमात हे सैलावणं नाही. ताणला, ताणला, तुटला. काचेची भेग म्हणून ठीक, चिखलाची म्हणून घाईची. पायऱ्यांबरोबर बंधांची ताकद आणि कडकपणा वाढवत नेला (माती सुकताना घट्ट होत जाते, ते खरंच आहे) तर पहिली भेग थोडी पुढे जाते. पण ते ठिगळ आहे, आणि ठिगळ आपणच शिवायचं.

गोळीच्या आकाराचंही एक दुखणं आहे. बंधाची ताकद तीच ठेवून गोळ्या बारीक केल्या की माती एकंदरीत चिरायला सोपी होते, कारण अशा मॉडेलात भेगेला होणारा विरोध गोळीच्या त्रिज्येच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. म्हणजे चित्र जास्त सुबक व्हावं म्हणून गोळ्या बारीक कराव्यात तर उत्तरच बदलतं. प्रत्येक आकाराला आकडे नव्यानं जुळवायचे. हा दोष पद्धतीचा आहे, एकट्या यादेचा नाही, पण पदरी पडतो.

आणखी एक मोह. यादेत केशाकर्षणाचा (बारीक फटीतल्या पाण्याच्या ओढीचा) तयार नियम आहे. नाव बघून आम्ही हरखलो, त्याला लागणाऱ्या तक्त्यांच्या फायलीही मिळवल्या. पण तो नियम दोन कणांमध्ये पाण्याचा सुटा पूल असतो त्या अवस्थेचा, म्हणजे जवळपास सुकलेल्या वाळूचा. आमची माती फाटायला लागते तेव्हा तिच्या फटी पाण्यानं गच्च भरलेल्या असतात. तो नियम बाजूला ठेवला. कागदपत्रांत प्रत्येक फंक्शनला ओळ-दोन ओळी आहेत, पण अमुक नियम कुठल्या मातीला लावू नये हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

वरचा थर आधी सुकतो हेही आपणच घालायचं. इंजिनिअरनं गोळीच्या उंचीप्रमाणे गुणक वेगळा दिला, वीसेक ओळींचं काम. वरच्या गोळ्या पुढे, खालच्या मागे. लगेच तुकड्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या, वाळलेल्या पानासारख्या. खऱ्या ट्रेत पातळ थराचे तुकडे तसेच वाकतात. हे एवढ्या सहज आलं की दोषांची यादी थोडा वेळ विसरायला झाली.

भेगा मोजायला फिजी वापरलं, म्हणजे फोटोंवरून मोजमाप करणाऱ्या इमेजजे या सॉफ्टवेअरचंच भरलेलं रूप, तेही फुकट. खऱ्या ट्रेचा वरून काढलेला फोटो आणि यादेचं चित्र दोन्ही काळं-पांढरं करायचं, भेगांचा सांगाडा काढायचा, सांधे मोजायचे. दोघांना एकच चाळणी लावली म्हणजे भांडण राहत नाही. उजेड बाजूनं पडला तर तुकड्यांच्या सावल्याही भेगा म्हणून मोजल्या जातात, एवढं सांभाळा.

पाचपैकी चार देते. एक गुण सैलावण्याचा कापला. ज्याच्याकडे स्वतःचा ट्रे, तराजू आणि श्रिंकेजचे आकडे आहेत त्यानं जरूर वापरावं. यातलं काहीच नसेल तर भेगांची चित्रं भरपूर मिळतील, खोटी ठरवायला मात्र जवळ काही नसेल.

ट्रे पुन्हा भिजवून पुन्हा सुकवायचा असेल तर यादेकडून फार अपेक्षा नको. खऱ्या चिखलात ओलं-सुकं चक्र वारंवार झालं की काटकोनातले सांधे हळूहळू सरकतात आणि १२० अंशांच्या तिहेरी सांध्यांकडे जातात. गोअरिंग आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बेंटोनाइटवर हे दाखवलंय. आमच्या मॉडेलमध्ये तुटलेला बंध तुटलेलाच राहतो. शिवायला मुभा दिली तर काय होतं ते वर सांगितलंच.

आणि एक गोष्ट मॉडेलमध्ये कुठे घालावी हे आम्हाला अजून सुचलेलं नाही. नाकाहारा आणि मात्सुओ यांनी २००५ साली कॅल्शियम कार्बोनेटचा दाट लगदा सुकवण्याआधी आडवा हलवला होता. हलवणं थांबलं, लगदा स्थिर झाला, सुकला, आणि भेगा पडल्या त्या हलवण्याच्या दिशेला काटकोनात. लगद्याला आठवण राहिली होती. मी खडूच्या भुकटीचा लगदा करून हे बघायचं ठरवलं. इंजिनिअरनं दोन ट्रे ओतले, सपाट केले आणि गेला. सुकल्यावर एकात भेगा ठळकपणे एकाच दिशेला, दुसऱ्यात गोंधळ. मी विचारलं, “अरे, सपाट करताना ट्रे कुठल्या बाजूला हलवलास?” त्याला आठवेना. ट्रे उचलून इकडून तिकडे ठेवले गेले होते, त्यामुळे पुढची बाजू कुठली तेही कळेना. तेव्हापासून प्रत्येक ट्रेच्या लेबलावर सॅम्पल नंबरच्या खाली मार्करनं एक बाण काढतो.